मोटारीची तहान

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. वाशीमच्या वेशीबाहेर आमचा मळा. वांगी, लसूण, मेथी, मिरची आणि मधोमध ही विहीर. मिरचीला ते पाणी मानवायचं, माणसाला नाही. त्यात तुरीची डाळ घालून चुलीशी बसावं तर लाकडं संपत, डाळ शिजत नसे. लग्न होऊन आले त्या दिवशी मी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. सासूबाईंनी ते नेमकं पाहिलं.

"माहेरी काय दुधाची हीर होती काय वं तुही?"

तेव्हापासून मी त्या पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण हेच पाणी एकदा सातपुडा चढून गेलं, आणि त्याच्याबरोबर मीही गेले. ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट.

माझी नणंद, म्हणजे सासूबाईंची थोरली लेक, परासियाला राहायची. परासिया छिंदवाड्याच्या पुढे, डोंगरापलीकडे, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. तिचे यजमान, आमचे नंदोई, तिथल्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. जिथे धुणं वाळत घातलं तरी काळं होतं तिथे गुलाब लावायचे, असली ती नोकरी. रजा मिळत नसे. त्यामुळे नणंदबाई कितीतरी दिवाळ्या माहेरी आल्या नव्हत्या, आणि सासूबाईंनी लेकीचा संसार एकदाही पाहिला नव्हता.

न पाहण्याचं कारण अंतर हे नव्हतं. नणंदबाईंना मूल नव्हतं. आमच्यात रीत अशी, की लेकीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत तिच्या आईबापांनी तिच्या घरी अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. लेक दिली म्हणजे दान दिलं, दिलेल्या दानातलं परत कसं घ्यायचं, असा त्यामागचा हिशोब. नातवंड झालं की दार उघडलं. ज्यांना होत नाही त्यांचं दार तसंच बंद राहायचं, आणि त्याबद्दल कोणी बोलायचंही नाही.

मला ही रीत चांगली ठाऊक होती, कारण माझीही कूस अजून उजवली नव्हती. माझे वडील धनजहून बैलगाडीनं मला भेटायला येत. आमच्या मळ्यात शिरण्याआधी शेजारच्या मळ्यात गाडी सोडत, तिथल्या विहिरीवर पोटभर पाणी पीत आणि मग ओल्या मिशा पुसत आमच्या ओसरीवर येऊन बसत. उन्हातान्हात दोन घटका बोलायचं, सुपारीसुद्धा स्वतःच्या बटव्यातली काढायची, आणि घसा कोरडा पडला की उठायचं. मला या गोष्टीचा भारी राग यायचा. रीत केली कोणी हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नव्हतं. मी एकदा विचारलंच, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इचारून राह्यली मोठी! चाल, वांगे तोडाले."

अशात परासियाकडून परतलेल्या एका मजुरानं नणंदबाईंचा सांगावा आणला. सांगावा एवढाच, की इथल्या बाया मला विचारतात, तुला माहेर नाही का?

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मी जातो परासियाले. पाणी संग घेऊन जातो."

जायचं कसं? वाशीमला तेव्हा रेल्वे नव्हती. अकोल्याला जाऊन आगगाडी धरा, नागपूरला उतरा, तिथून लहान गाडी. आणि प्रत्येक फलाटावर पाण्याच्या कळशा चढवा-उतरवा. पण आमचा लसूण आणि मिरची घेणारे एक मुसलमान व्यापारी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी नुकतीच अकोल्याहून एक जुनी मोटार विकत आणली होती. मागची बाकं काढून तिथे पोती रचायची जागा केली होती. कोळशाच्या गावांत बाजाराला लसूण-मिरची नेली तर चांगला भाव येतो, असं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. खरं सांगायचं तर भाव हे निमित्त. नव्यानं घेतलेल्या मोटारीनं घाट चढायची त्यांना हौस होती, आणि ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"चाला भाभी," ते सासूबाईंना म्हणाले, "पोत्यायवर गादी टाकून देतो. महालात बसल्यावानी बसा."

आमचे हे सोबत येणार, मामंजी मळा सांभाळणार असं ठरलं. माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. सासूबाईंचं सोवळ्यातलं पाणी वाटेत कोण सांभाळील, असा मीच प्रश्न टाकला आणि मीच उत्तर दिलं. मला डोंगर बघायचा होता. जमिनीच्या पोटात माणसं कशी जातात तेही बघायचं होतं. चौथी शिकलेल्या बाईला भूगोलाच्या पुस्तकात सातपुडा म्हणजे सुरवंटासारखी एक केसाळ रेघ दिसली होती, तेवढीच.

मग आमच्या ओसरीवर बेत सुरू झाला. इतकी मजा मला पुढे प्रत्यक्ष प्रवासातसुद्धा आली नाही. मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं रस्ता काढला. ज्वारीचे दाणे म्हणजे गावं: वाशीम, मालेगाव, पातूर, अकोला, मूर्तिजापूर, मग अमरावती, वरूड, पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा. सातपुडा म्हणून वाळक्या मिरच्या आडव्या मांडल्या. परासियाच्या जागी चुलीतला कोळसा. येणारा जाणारा प्रत्येकजण त्यात भर घालायचा. कोणी म्हणे सौंसरच्या आसपास काळ्या जड दगडाच्या खाणी आहेत, तो दगड जहाजात घालून विलायतेला जातो. कोणी म्हणे त्या आता बसल्या, गावं ओस पडली. चाचा पेट्रोल कुठे मिळतं ते विचारून यायचे आणि तिथे तिथे एकेक लसणाची पाकळी ठेवायचे. कोंबडीनं दोनदा मूर्तिजापूर खाल्लं.

पोहरादेवीकडचे एक म्हातारे बंजारा बाबा बाजाराच्या दिवशी आमच्याकडे टेकायचे. तरुणपणी ते त्यांच्या वडिलांबरोबर बैलांच्या पाठीवर मीठ लादून सातपुड्यापार जाऊन आले होते. त्यांनी माझा रस्ता पाहिला आणि मान हलवली.

"हे गावं कायले मांडले? पाणी मांड पोरी. पाणी जिथी, तिथी मुक्काम. रस्ता मंग आपोआप सापडते."

मग त्यांनी डोळे मिटून एकेक पाणी सांगितलं. या नाल्यात आंब्याखाली वाळूत खोदलेला झिरा आहे, त्या चढाच्या मध्यावर डाव्या हाताला ओढा, उन्हाळ्यातही पाय बुडेल इतका. मी पाण्याच्या प्रत्येक जागी चिंचोका ठेवत गेले. घाटाच्या मध्यावर सगळ्यात मोठा चिंचोका ठेवला. सगळ्यांना तो बेत इतका पक्का वाटला की मामंजीसुद्धा येऊन वाकून बघून गेले.

सासूबाईंचं पाणी हा वेगळा कारभार होता. परासियात नळ खाणीचा, पाणी जावयाच्या वाटणीचं, म्हणून तिथलं काहीच चालणार नव्हतं. चाचांनी रॉकेलचे डबे आणून घासून देतो म्हटलं. सासूबाईंनी नाक मुरडलं. यांनी कातड्याची पखाल सुचवली. त्यावर त्यांनी नुसतं पाहिलं, आणि हे उठून मळ्यात गेले. शेवटी वेशीजवळच्या आळीतल्या घराघरातून फिरकीच्या झाकणाचे तांबे गोळा झाले. तीन कळशा आमच्या स्वतःच्या. कळशीच्या तोंडावर केळीचं पान, त्यावर फडकं, वर सुतळीचे घट्ट फेरे. दशम्या, लाडू, सातूचं पीठ. मी हळूच म्हटलं, वाटेत गोड पाण्याची विहीर लागेल तिथे भरून घेऊ. "घरचं ते घरचं," म्हणाल्या. म्हणजे मचूळ पाणीच सातपुडा चढणार हे ठरलं.

होळी झाली आणि आम्ही निघालो. मिरच्यांच्या पोत्यांवर गादी असली तरी मिरची ती मिरची. मालेगावपर्यंत आम्ही तिघंही शिंकत होतो. चाचा पुढून ओरडून विचारायचे, "भाभी, महाल कसा हाय?" पातूरचा घाट आला तेव्हा मी मोटारीच्या कडेला धरून उभीच राहिले. चाचा हसले. "हा तं उतार हाय वं सूनबाई. डोंगर अजून लय दूर हाय." मला त्यांचा राग आला. मी आयुष्यात पाहिलेला तो पहिला घाट होता.

पुढचे मुक्काम, धर्मशाळा, संत्र्यांचे बगीचे हे सगळं सांगत बसत नाही. सासूबाई वाटेत कुठल्याही विहिरीचं पाणी पीत होत्या. कळशांना मात्र हात लावू देत नव्हत्या. ते परासियासाठी राखलेलं होतं. मोटार खड्ड्यात आदळली की त्या आधी कळशी धरत, मग स्वतःला सावरत.

सौंसरच्या अलीकडे काळ्या दगडाची एक खाण लागली. डोंगराचं पोट कापून काढलेलं, खाली लालकाळं पाणी साचलेलं, आणि काठाला कुडाच्या घरांची ओळ. घरात कोणी नव्हतं. एका दुकानाच्या फळीवर तराजूचं एकच पारडं पडलं होतं. इथे बाजार भरत असेल, बायका भांडत असतील, कोणाची लेक दुरून इथे नांदायला आली असेल, असं माझ्या मनात येत राहिलं. मी एक दगड उचलला. हाताएवढा दगड, पण दोन्ही हात लावावे लागले. यांनी तो टाकायला लावला, नाहीतर तो आजही माझ्याकडे असता.

मग घाट. पळस पेटलेले होते. सागाची पानं गळून गेलेली, आणि मोहाच्या झाडांखाली गोंडांच्या बायका फुलं वेचत होत्या. एका वळणावरून मागे पाहिलं तर आम्ही आलो तो सगळा मुलूख खाली पसरलेला. मला वाटलं, इतकी जमीन आहे आणि मी एका विहिरीभोवती फिरत होते. हे मला तिथे मोठ्यानं म्हणायचं होतं, पण सासूबाई जवळ होत्या.

तेवढ्यात मोटारीच्या नाकातून वाफ निघाली. चाचांनी गाडी थांबवून चाकाखाली दगड लावले. इंजिनासाठी आणलेला पाण्याचा डबा त्यांनी थोड्या वेळापूर्वीच ओतून संपवला होता, कारण पुढे बाबांचा ओढा आहे, माझा मोठा चिंचोका आहे, ही सगळ्यांची खात्री. हे रिकामा डबा घेऊन डाव्या हाताला उतरले. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन रिकामाच डबा घेऊन वर आले.

"ओढा हाय. पण लय खाली, पार तळाशी. आन वाळूच हाय नुसती. झिरा खोदला तं दिवस जाईन."

तेव्हा आम्हाला उमगलं. बाबांचं एकही पाणी खोटं नव्हतं. पण ते बैलांच्या वाटेवरचं पाणी होतं. बैल ओढ्याओढ्यानं चढायचे. सरकारनं मोटारीची सडक काढली ती डोंगराच्या कडेकडेनं, उंचावरून. ओसरीवर बसून सगळ्यांचं पाणी मांडलं होतं आम्ही. सासूबाईंचं, आमचं, बैलांचंसुद्धा. मोटारीलाही तहान लागते हे चाचा सोडून कोणाच्या ध्यानात नव्हतं, आणि चाचांनी चिंचोक्यावर भरवसा ठेवला होता.

मागे पोत्यांच्या आड तीन कळशा होत्या. सगळ्यांना त्या दिसत होत्या. चाचा तिकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. ऊन उतरू लागलं होतं. खाली जंगल, आणि त्या जंगलात वाघ आहेत हे सौंसरला चहावाल्यानं हौसेनं सांगितलं होतं. तरी चाचांच्या तोंडून कळशीचं नाव निघेना. त्या पाण्याला आपण हात लावायचा नाही हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं, आणि मला त्या क्षणी त्याचीच लाज वाटली.

सासूबाई खाली उतरल्या. स्वतः सुतळी सोडली, पान काढलं, कळशी कमरेवर घेतली.

"भाऊ, याचं तोंड कोठी हाय?"

चाचा उठून उभे राहिले. "भाभी, हे तं तुमचं परासियाचं पाणी. तिथी मंग काय करान?"

"माही लेक डोंगराच्या पल्याड हाय. पाणी धरून इथीसाच बसू काय?"

चाचांनी फडकं धरून झाकण काढलं. जरा वाफ जाऊ दिली. मग सासूबाईंनी देवाला घालावं तसं हळूहळू आमच्या विहिरीचं पाणी मोटारीच्या तोंडात ओतलं. एक कळशी, दुसरी, आणि घाटमाथ्याच्या जरा अलीकडे तिसरी. फिरकीचे तांबे आम्ही तहान लागली तसे पिऊन टाकले. चाचांनाही त्यांनी वरून ओंजळीत पाणी वाढलं. "खारं हाय," चाचा म्हणाले. सासूबाई पहिल्यांदा हसल्या. "मोटारीनं तं नाव नाई ठेवलं."

माथ्यापलीकडे पठार लागलं आणि छिंदवाडा आला. तिथे चांगली बांधीव विहीर होती. मी रिकाम्या कळशा घेऊन उतरले, कारण माझं कामच ते होतं. सासूबाई पोटभर पाणी प्यायल्या, मग त्यांनी कळशा स्वतः घासल्या, विसळल्या आणि पालथ्या घालून पोत्यांना बांधून टाकल्या.

"आत्याबाई, भरायच्या नाई?"

"राहू दे."

"काहून?"

त्या मोटारीत चढून बसल्या. मी पुन्हा विचारलं नाही, आणि माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं. परासियापर्यंत मी त्या पालथ्या कळशांकडेच बघत होते.

परासिया काळं होतं. रस्ता काळा, झाडांची पानं काळी, कोंबड्यासुद्धा धुरकटलेल्या. खाणीच्या तोंडावर मोठं चाक फिरत होतं आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका रांगेनं चालल्या होत्या. त्यांचे दात तेवढे पांढरे. मजुरांच्या खोल्यांच्या ओळीत एका दारापुढे गुलाबाचं एक झाड होतं. ते पाहून घर ओळखता आलं.

नणंदबाई दारात उभ्या होत्या. आईच्या गळ्यात पडल्या, रडल्या, मग लगबगीनं भावाला आणि मला गूळपाणी दिलं. आईपुढे मात्र पाय धुवायचं पाणी ठेवलं, तेवढंच. आणि शेजारच्या दाराकडे बघून हाक मारली. शेजारीण झाकलेला तांब्या घेऊन आली. तिच्या घरचं पाणी. नणंदबाईंनी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. आईची रीत मोडू नये आणि आई तहानलेलीही राहू नये म्हणून. तांब्या पुढे करताना त्या आईकडे बघत नव्हत्या.

सासूबाई म्हणाल्या, "त्या माउलीले कायले तरास? तुह्या माठातलं दे."

नणंदबाई तशाच उभ्या राहिल्या.

"ऐकू नाई आलं काय वं? तहान लागली मले."

त्या आत गेल्या. किती तरी वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून राखेनं तांब्या घासल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. बाहेर आल्या तेव्हा तांब्या लखलखत होता आणि पदर ओला होता. सासूबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही.

"लोखंडाची चव लागते," त्या म्हणाल्या.

"लागते आई," नणंदबाई म्हणाल्या, आणि हसता हसता खाली बसून पोटभर रडल्या. शेजारणीनं तिचा तांब्या उचलला आणि तीही डोळे पुसत गेली.

आठवडाभर आम्ही राहिलो. चाचांची मिरची विकली गेली, मला खाणीच्या तोंडापर्यंत जाऊन खाली डोकावू दिलं. खालून गार वारा येत होता. आतली माणसं दिसली नाहीत, पण आवाज येत होते. रोज संध्याकाळी सासूबाई दारात गुलाबाजवळ बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना मुद्दाम हाका मारत आणि सांगत, "मी हिची माय. वाशीमची."

परतताना घाट उताराचा, मोटारीला तहान नाही. मी वळणं मोजत होते, कारण असा डोंगर पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नव्हतं. जिथे मोटार अडली होती ती जागा आली, तेव्हा सासूबाई एकदम म्हणाल्या,

"तुह्या बापाले सांगावा धाड. म्हणाव, आमच्या इथी पाणी प्याले या."

मिरची नव्हती, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वडील आले. सवयीनं शेजारच्या मळ्यात गाडी सोडली, पण यावेळी विहिरीवर थांबले नाहीत. तसेच उन्हातून आले आणि ओसरीवर बसले. ओसरीवर माझ्या खडूच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. मी तांब्या घासला. मला वाटतं, नणंदबाईंइतकाच वेळ. सासूबाई म्हणाल्या, "दे, तूच दे."

वडिलांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. एक घोट घेतला. त्या पाण्याची चव मला माहीत होती, सासूबाईंना माहीत होती, साऱ्या आळीला माहीत होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मान वर केली.

"गोड हाय वं पोरी तुह्या हिरीचं पाणी," ते म्हणाले, आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावला.